परदेशांतील विद्यापीठाचा लौकिक कसा पारखावा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके दिवशीं दुपारीं आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन माझ्या घरीं आला. मुलगा शाळेंत असतांना मध्यम प्रतीचा, परंतु कष्टाळू व सरळ मनाचा म्हणून सर्वांस परिचित होता. वडिलांच्या हातांत गुळगुळीत कागदावर छापलेलें एक माहितीपत्रक होतें. त्यावर पोलंड देशांतील एका खासगी विद्यापीठाची कांचेची उंच इमारत, हिरवळीवर बसलेले निरनिराळ्या देशांचे तरुण आणि खालीं मोठ्या अक्षरांत फीचे आंकडे होते. वडिलांनीं तें माझ्यापुढें ठेवून विचारलें, "गुरुजी, ह्या विद्यापीठाचें नांव कसें आहे? चांगलें असेल तर गांवाकडची दोन एकर जमीन गहाण टाकतों. आपण हो म्हणा, म्हणजे आम्ही पुढें पाऊल टाकूं."

मीं त्यांजकडे आठ दिवसांची मुदत मागितली. मुलाच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. परंतु मुदत मागण्यास कारण होतें. कांहीं वर्षांपूर्वीं दुसरा एक विद्यार्थी असाच मजकडे शिफारसपत्र मागण्यास आला होता. युरोपांतील कोणत्या देशांत, कोणत्या संस्थेंत, कोणत्या अभ्यासक्रमासाठीं तो जात आहे, ह्यांपैकीं कशाचीही चौकशी न करितां मीं चहा निवेपर्यंतच्या अवधींत त्याच्या सद्वर्तनाबद्दल चार ओळी लिहून खालीं सही केली. दीड वर्षानें तो पदवीवांचून परत आला. वर्ग कधीं भरत, कधीं भरत नसत. फीचे हप्ते भरण्यासाठीं तो एका गोदामांत रात्रपाळी करी आणि दिवसा झोंपे. त्याच्या आईचे दागिने अद्यापि सुटलेले नाहींत. त्या मुलानें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं; परंतु रविवारीं उपासनेनंतर ती माउली समोर आली म्हणजे माझी मान खालीं जाते. म्हणून ह्या खेपेस मीं ठरविलें कीं, उत्तर द्यावयाचें तें शोध करूनच द्यावयाचें. त्या शोधांतून जें हातीं आलें व त्यावरून माझें जें मत बनलें, तें आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हें "नांव" म्हणजे काय, ह्याचा विचार करूं. बोलण्यांत आपण एका शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतों: मान्यता, लौकिक आणि योग्यता. मान्यता सरकार देतें. लौकिक लोक देतात. योग्यता मात्र संस्थेला स्वतःच्या श्रमानें मिळवावी लागते. तिन्ही एकत्र नांदतील तर उत्तमच. पण त्या नेहमीं एकत्र नांदतात असें समजणें हीच आपली पहिली चूक होय. आणि गंमत अशी कीं, हा धडा शिकविण्यास पोलंडच्या इतिहासाइतका चांगला शिक्षक सांपडणें कठीण.

क्राकोव्ह येथील विद्यापीठ राजा कासिमिर थोर ह्यानें १३६४ सालीं स्थापिलें. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते असें जगास पटवून देणारा कोपर्निकस १४९१ सालीं तेथें विद्यार्थी म्हणून दाखल झाला. येथें मान्यता, लौकिक आणि योग्यता ह्या तिघी बहिणी एका घरांत नांदतांना दिसतात. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंड हा देश नकाशावरून पुसला गेला. एकोणिसाव्या शतकांत वॉर्सा रशियाच्या ताब्यांत होतें. विद्यापीठांत रशियन भाषेचें राज्य होतें आणि स्त्रियांस तर तेथें प्रवेशच नव्हता. तेव्हां १८८५ च्या सुमारास कांहीं विद्वानांनीं एक गुप्त विद्यालय चालविलें. पोलिसांची नजर चुकविण्यासाठीं त्याचे वर्ग आज ह्या घरांत तर उद्यां त्या घरांत भरत. म्हणून त्यास "उडतें विद्यापीठ" असें म्हणत. त्यास सरकारची मान्यता नव्हती. त्याचें नांव उघडपणें उच्चारण्याचीही सोय नव्हती. परंतु तेथें शिकलेल्या मुलींत मारिया स्क्लोदोव्स्का ही एक होती. हीच पुढें १८९१ सालीं पॅरिसला गेली आणि मादाम क्यूरी म्हणून १९०३ व १९११ अशा दोन वेळां नोबेल पारितोषिकाची मानकरी झाली. मान्यता नसतांही योग्यता असूं शकते, ह्याचें ह्याहून उज्ज्वल उदाहरण कोणतें द्यावें?

पोलंडविषयीं आपणां महाराष्ट्रीयांस परकेपणा वाटण्याचें वस्तुतः कारण नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत घरादारास मुकलेले सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथील छावणींत राहिले. त्या छावणींत त्यांनीं प्रार्थनामंदिर उभारिलें आणि मुलांसाठीं आपल्या भाषेच्या शाळा चालविल्या. डोक्यावर परक्या देशाचें छप्पर असतांही ज्यांनीं शाळेची घंटा बंद पडूं दिली नाहीं, त्या लोकांच्या विद्याप्रेमाविषयीं शंका घेणें कृतघ्नपणाचें होईल. तेव्हां माझा प्रश्न पोलंड ह्या देशाविषयीं नाहीं. त्या देशांतील एका विशिष्ट संस्थेविषयीं आहे. देशाची कीर्ति ही त्यांतील प्रत्येक संस्थेची कीर्ति नव्हे. माहितीपत्रकें मात्र नेमका हाच घोटाळा करितात. पहिल्या पानावर क्राकोव्हचा जुना चौक छापतात आणि प्रवेश देतात तो भलत्याच ठिकाणीं.

आतां खासगी संस्थांविषयीं. कम्युनिस्ट राजवटींत सरकारी मालकीबाहेरचें विद्यापीठ म्हणजे लुब्लिन येथील कॅथलिक विद्यापीठ. तें १९१८ सालीं निघालें, आणि पुढें पोप झालेले कारोल वोय्तिला तेथें नीतिशास्त्र शिकवीत असत. ती राजवट गेल्यावर १९९० च्या कायद्यानें खासगी उच्च शिक्षणसंस्थांस दार मोकळें झालें आणि पावसाळ्यांत कुरणें फुटावीं तशा संस्था निघाल्या. वीस वर्षांच्या आंत त्यांची संख्या तीनशेंच्या वर गेली. पुढें त्या देशांत जन्मांचें प्रमाण घटलें. २००५ च्या सुमारास तेथें वीस लाखांच्या जवळपास विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. ते पुढें सुमारें बारा लाखांवर आले. पुष्कळ संस्था बंद पडल्या, कांहीं एकमेकींत मिळाल्या, आणि उरलेल्यांपैकीं अनेकांनीं आपली दृष्टि परदेशी विद्यार्थ्यांकडे वळविली. आज तेथें परदेशी विद्यार्थी एक लाखाहून अधिक आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथील सरकारी विद्यापीठांत पोलिश भाषेंतून पूर्ण वेळ शिकणाऱ्या पोलिश नागरिकास फी पडत नाहीं. तेव्हां तेथील हुशार मुलगा साहजिकच आधीं तिकडे वळतो. जी संस्था फीवरच जगते तिला विद्यार्थी शोधावे लागतात. आणि ज्याला गिऱ्हाईक शोधावें लागतें त्याची पाटी नेहमींच मोठी असते.

ह्यावरून सर्व खासगी संस्था वाईट, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. आमची मिशन शाळा तरी कोठें सरकारी आहे? डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं मुंबईंत जें विद्यालय काढिलें तेंही खासगीच होतें. पोलंडांतही १९९३ सालीं निघालेली कोझ्मिन्स्की अकादमी ही खासगी असून व्यापारशिक्षणाच्या तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनीं तिला पसंतीची मोहोर दिलेली आहे. सारांश, "खासगी" हें दूषण नव्हे व भूषणही नव्हे. तो चौकशीचा आरंभ होय. ती चौकशी कशी करावी हें मीं त्या पितापुत्रांस सांगितलें, तेंच येथें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, संस्थेचें पोलिश नांव पाहावें. इंग्रजींत "युनिव्हर्सिटी" असें लिहिण्यास फारसा खर्च येत नाहीं. परंतु पोलिश भाषेंत "उनिवेर्सितेत" हा शब्द २०१८ च्या कायद्यानें राखून ठेविलेला आहे; अनेक ज्ञानशाखांत वरच्या श्रेणीचें संशोधन असल्यावांचून तो नांवांत घालतां येत नाहीं. "अकादेम्या" हा त्याच्या खालचा मान. पुष्कळ खासगी संस्थांचें मूळ नांव "विश्शा श्कोवा", म्हणजे नुसती "उच्च शाळा", असें असतें. उच्च शाळेंत शिकण्यांत कमीपणा नाहीं. पण घरांत एक नांव आणि बाजारांत दुसरें, असें असेल तर तें आपणांस ठाऊक असावें.

दुसरी गोष्ट, मान्यता. संस्थेची नोंद सरकारी यादींत आहे किंवा नाहीं, हें पोलंडच्या "रॅड-ऑन" नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहतां येतें. परदेशी विद्यार्थी घेण्यास संस्थेला तेथील गृहखात्याची मंजुरी लागते. तीही यादी प्रसिद्ध होते. हें काम अर्ध्या तासाचें आहे. तें दलालावर सोंपविणें म्हणजे लग्नाची चौकशी मध्यस्थाच्याच तोंडून करण्यासारखें होय.

तिसरी गोष्ट, अभ्यासक्रम. पोलिश अधिस्वीकृति समिति ही २००२ पासून काम करीत आहे. ती मुख्यत्वें एकेका अभ्यासक्रमाची तपासणी करिते आणि आपले अहवाल प्रसिद्ध करिते. संस्था चांगली असूनही आपला अभ्यासक्रम दुबळा असूं शकतो. अहवालांत शिक्षक किती, त्यांची विद्वत्ता काय, ग्रंथालय कसें, परीक्षा कशा, ह्याची चिकित्सा असते. माझ्या मतें असा एक रुक्ष अहवाल शंभर रंगीत पत्रकांपेक्षां अधिक मोलाचा आहे. तो पोलिश भाषेंत असला तरी आतां यंत्राच्या साहाय्यानें त्याचा भावार्थ समजून घेतां येतो.

चौथी गोष्ट, फळें. झाड फळांवरून ओळखावें ही शिकवण आम्हीं लहानपणापासून ऐकिलेली आहे. पोलंड सरकारनें ह्यासाठीं "एला" नांवाची व्यवस्था केली आहे. पदवीधरांस काम मिळण्यास किती काळ लागला व पगार किती मिळतो, हें तींत सामाजिक विम्याच्या नोंदींवरून काढितात. मात्र ह्या नोंदी त्या देशांतल्या. जो विद्यार्थी शिकून मायदेशीं परतला तो त्यांत दिसत नाहीं. म्हणून त्याच संस्थेंत दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षांत असलेल्या आपल्याकडील दोघांतिघांशीं प्रत्यक्ष बोलावें. संस्थेनें किंवा दलालानें पुढें केलेल्यांशीं नव्हे, आपण स्वतः शोधलेल्यांशीं. "वर्गांत पोलिश मुलें किती?" हा एक साधा प्रश्न विचारावा. ज्या पंक्तींत घरचें कोणीच जेवावयास बसत नाहीं, त्या पंक्तींत पाहुण्यानें जरा विचार करून बसावें. क्रमवाऱ्यांचाही उपयोग आहे. "पेर्स्पेक्तिव्ही" नांवाची तेथील क्रमवारी दरवर्षीं प्रसिद्ध होते. परंतु नंबर पाहण्यापूर्वीं तो कशावरून दिला हें पाहावें.

पांचवी गोष्ट, परतीचा रस्ता. तेथील पदवी येथें चालेल काय? विद्यापीठ अनुदान आयोगानें परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसंबंधीं एप्रिल २०२५ मध्यें नवे नियम प्रसिद्ध केले. संस्था तिच्या स्वतःच्या देशांत मान्य असली पाहिजे, आणि नुसतें नांव भाड्यानें घेऊन चालविलेल्या शाखेची पदवी चालणार नाहीं, हें त्यांतील महत्त्वाचें. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस २०२१ चे नियम लागू आहेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यास, त्याच संस्थेंत १२ महिन्यांची उमेदवारी आणि इंग्रजी माध्यम ह्या अटी त्यांत आहेत. शिवाय येथें आल्यावर परीक्षा असतेच. ह्यांपैकीं एक अट चुकली तरी सहा वर्षें पाण्यांत जातील.

शेवटची गोष्ट पैशाची. व्हिसा नाकारला गेल्यास भरलेल्या फीपैकीं किती परत मिळेल, हें संस्थेकडून लेखी घ्यावें. दलालास संस्थेकडून दलाली मिळते काय, हें त्याला तोंडावर विचारावें. रागावला तर उत्तर मिळालें असें समजावें.

एवढें करूनही धोका टळतोच असें नाहीं, हें मीं प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. वॉर्सा येथील, २०१८ सालीं निघालेल्या एका खासगी संस्थेच्या प्रमुखास फेब्रुवारी २०२४ मध्यें अटक झाली. पैसे घेऊन पदविका दिल्याचा आरोप त्याजवर आहे. ती संस्था सरकारी यादींत होती आणि बड्या लोकांची तेथें ये-जा होती. म्हणजे मान्यता होती, लौकिकही होता. योग्यतेच्या जागीं काय होतें तें न्यायालय ठरवील. उडत्या विद्यापीठाचें हें उलटें चित्र पाहा. तेथें कागद नव्हता, विद्या होती. येथें, आरोप खरा असेल तर, विद्येवांचून कागद होता. अशा प्रकाराची शिक्षा मग निरपराध विद्यार्थ्यांसही भोगावी लागते. त्याच देशांत २०२३ सालीं व्हिसांच्या विक्रीचें प्रकरण उघडकीस आल्यावर सरकारनें नियम कडक केले, आणि २०२५ च्या कायद्यानें परदेशी विद्यार्थ्यांस शिक्षणाच्या भाषेचें पक्कें ज्ञान दाखविणें आवश्यक केलें.

माझे एक स्नेही म्हणतात, "अहो, मुलें तेथें विद्येसाठीं जातात असें तुम्हांला वाटतें काय? एकदां युरोपांत पाय पडला कीं काम मिळतें. संस्था कशीही असो." हें मत पुष्कळांचें आहे, म्हणून त्याला उत्तर दिलें पाहिजे. गरिबीनें गांजलेल्या मुलानें चार पैसे मिळवावयास दूर जावें, ह्यांत मला पाप दिसत नाहीं. परंतु शिकण्याच्या नांवानें व्हिसा मागून शिकावयाचेंच नाहीं, ही असत्यावर उभारलेली इमारत होय. तिचें भाडें रोज द्यावें लागतें. हजेरी चुकली कीं संस्था नांव काढिते, नांव काढिलें कीं राहण्याचा परवाना जातो, आणि मग मालक जें देईल तें मुकाट्यानें घ्यावें लागतें. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेविला तरी हा व्यवहार तोट्याचाच आहे. दुसरे कांहीं म्हणतात, "मूल हुशार असेल तर कोठेंही चमकेल, कोपर्निकसानें क्राकोव्हची पदवी तरी कोठें घेतली होती?" खरें आहे. पण कोपर्निकसाच्या मामानें शेत गहाण टाकिलें नव्हतें. तो बिशप होता. सामान्य घरच्या सामान्य मुलास चांगल्या शिक्षकाची गरज असामान्यापेक्षां अधिक असते.

असो. आठ दिवसांनीं ते पितापुत्र पुन्हा आले. संस्थेचें नांव सरकारी यादींत आम्हांस सांपडलें. मूळ नांव "उच्च शाळा" असें होतें. मुलास हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचा तपासणी-अहवाल मात्र आम्हां तिघांस शोधूनही मिळाला नाहीं. आम्हीं संस्थेला पांच प्रश्नांचें पत्र पाठविलें. उत्तर दोन दिवसांत आलें. त्यांत आमच्या एकाही प्रश्नाचें उत्तर नव्हतें, फी भरण्याची शेवटची तारीख तेवढी होती. मीं वडिलांस सांगितलें, "ही संस्था वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. ती चांगली आहे असें म्हणण्यास मजजवळ आधार नाहीं, आणि आधारावांचून मी आतां सही करीत नसतों." जमीन गहाण पडली नाहीं. मुलगा मात्र त्या दिवशीं नमस्कार न करितांच उठला. अद्यापि त्याचें पत्र नाहीं. कदाचित् मीं त्याची एक संधि हिरावून घेतली असेल. कदाचित् एक संकट टाळिलें असेल. हें मला कधींच कळणार नाहीं, आणि शिक्षकाच्या धंद्यांत अशा पुष्कळ गोष्टी न कळतांच सोसाव्या लागतात.

विद्यार्थिमित्रांनो, बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत तुम्हीं शाळेच्या प्रार्थनेंत ऐकिला आहे. तो भित्र्यांसाठीं सांगितलेला नाहीं. ज्यांस खरोखरच बुरूज बांधावयाचा आहे त्यांच्यासाठीं सांगितलेला आहे. तुम्हीं दूरदेशीं अवश्य जावें. जाण्यापूर्वीं मात्र आठ दिवस बसावें, आणि त्या आठ दिवसांत आम्हां शिक्षकांपैकीं कोणी तुमच्या शेजारीं बसलेला असावा. चौकशीवांचून शिफारसपत्र मागूं नका, आणि आम्हीं तें चौकशीवांचून देऊं नये. कारण लौकिक म्हणजे अखेर अशाच अनेक सह्यांची बेरीज होय, आणि त्यांतील एक सही आपली असते.